अकलूजची तांबडी वाइन आणि अर्धेलीचा हिशेब

सोलापूर जिल्हा म्हटला की ज्वारी, चादर आणि विडी ही तीन नावे आपण सहज घेतो. चौथे घेताना जीभ अडखळते, कारण ते मद्याचे आहे. पण माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, निमगाव आणि गारवाड ह्या गावांच्या माळावर इटलीच्या टस्कनी प्रांतातले सांजोव्हेझे नावाचे द्राक्ष उभे आहे. त्याची तांबडी वाइन अकलूजजवळ तयार होते. ही गोष्ट आवडो वा न आवडो, ती आपल्या जिल्ह्याच्या शेतीच्या आणि मजुरीच्या इतिहासात बसवूनच पाहिली पाहिजे.

हा व्यवसाय २००७ साली सुरू झाला. इटलीचे अंद्रेआ व अलेस्सिओ सेच्ची, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी आणि अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील अशी तीन घरे एकत्र आली. इटालियन भाषेत भावांना ‘फ्रातेल्ली’ म्हणतात, तेच नाव ठेवले. टस्कनीचे जाणते मद्यकार पिएरो मासी ह्यांनी वाइन घडवण्याचे काम पत्करले. रोपे युरोपातून आणली. सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्यो ह्या दोन द्राक्षांच्या मिश्रणातून २००९ च्या हंगामात जी वाइन काढली तिचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. तीन घरचे सहाजण आणि सातवे मासी, असा हिशेब जमतो.

पण माझ्यासारख्या माणसाची सवय अशी की, भागीदारांची नावे वाचून झाली की तो विचारतो, काम कोण करतो आणि वाटा कोणाला मिळतो? हा प्रश्न घेऊन आधी टस्कनीलाच जाऊ. कारण ज्याला ‘इटलीची परंपरागत तांबडी वाइन’ म्हणतात तिची मुळे तिकडे आहेत.

फ्लॉरेन्स आणि सिएना ह्या दोन शहरांमधल्या टेकड्यांना कियांती म्हणतात. तिथल्या वाइनची हद्द तिसऱ्या कोसिमो ह्या ग्रँड ड्यूकने १७१६ साली जाहीरनाम्याने ठरवून दिली. पुढे ब्रोलिओच्या गढीतला बेत्तिनो रिकासोली हा जमीनदार झाला. काव्हूरनंतर १८६१ मध्ये इटलीचा पंतप्रधान झालेला हाच गृहस्थ. त्याने कित्येक वर्षे प्रयोग केले आणि १८७२ च्या एका पत्रात पाककृती सांगितली. मुख्य द्राक्ष सांजोव्हेझे, त्याचा कडकपणा मऊ करायला कानाइओलो, आणि लवकर प्यायची असेल तर थोडे माल्व्हाझिया हे पांढरे द्राक्ष. लोक ह्याच कृतीला अनादि परंपरा समजतात. वस्तुतः ती आपल्या सोलापुरातल्या पहिल्या कापड गिरणीच्या बरोबरीची आहे. गिरणी निघाली १८७७ साली. आणि हीही कृती टिकली नाही. कियांतीच्या जुन्या मुलखातल्या वाइनमध्ये पांढरे द्राक्ष घालण्यास २००६ पासून बंदी आहे.

पाककृती जमीनदाराची, वेल मात्र त्याने छाटली नाही. छाटली अर्धेलीच्या कुळाने. तिकडे ह्या पद्धतीला ‘मेत्साद्रिया’ म्हणत आणि तिचा अर्थ अक्षरशः आपल्या अर्धेलीसारखाच. जमीन आणि घर मालकाचे, राबणारे हात कुळाच्या सगळ्या कुटुंबाचे, आणि पीक निम्मेनिम्म. मालकाचा कारभारी हिशेबाची वही राखी. घरात हात किती आणि तोंडे किती ह्यावर जमिनीचा तुकडा ठरे. म्हणून कुळाच्या घरातले लग्नसुद्धा मालकाच्या संमतीवाचून होत नसे. टेकड्यांवरची द्राक्षे, ऑलिव्ह आणि गहू ह्यांची ती चित्रासारखी शेते ह्या वहीने घडवली आहेत.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांनंतर ह्या कुळांनी संप केले, मळणी अडवली, मोर्चे काढले. दुसऱ्या युद्धानंतर पंतप्रधान दे गास्पेरी ह्यांच्या लवादाने आणि १९४७ च्या कायद्याने कुळाचा वाटा शेकडा ५० वरून ५३ झाला. १९६४ च्या कायद्याने तो ५८ झाला आणि नवे अर्धेलीचे करार करण्यास मनाई झाली. शेकडा आठ! बाहेरच्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. ज्याने पगारवाढीच्या वाटाघाटीत एकेका आण्यासाठी रात्री काढल्या आहेत त्याला वाटणार नाही. पण कायदा आला तोवर तरुण पोरे कारखान्यांकडे निघून गेली होती. रिकामी पडलेली घरे पुढे शहरी लोकांनी विकत घेतली, आणि वाइन पगारी मजुरांच्या हातांनी होऊ लागली.

आणखी एक गोष्ट सोलापूरकराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कियांतीची ती पोटफुगी बाटली, गवताच्या वेष्टणात बसवलेली, चित्रांतून आपण पाहिली असेल. ते वेष्टण बायका विणत, बहुतेक घरी बसून, नगावर. हजार विड्यांच्या दरावर ज्यांचे घर चालते त्या आमच्या बायांना ह्यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

आता माळशिरसला परत येऊ. हा मूळचा अवर्षणाचा तालुका. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी इकडे आले, तेव्हा इथे ऊस आला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोहिते-पाटलांनी अकलूजला सहकारी कारखाना उभारला. म्हणजे वाइन आली ती साखरेने बांधलेल्या मुलखात. कालव्याखालच्या काळ्या जमिनीपेक्षा मुरमाड माळ तिला मानवतो, आणि उसाच्या मानाने पाणीही पुष्कळ कमी लागते.

टस्कनीत वेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे उतरतात. आपल्याकडे वेलीला झोप नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि काढणी येते थंडीच्या अखेरीस, उन्हाचा चटका बसण्यापूर्वी. फळ एकदाच, छाटणी दोनदा. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ शोधून खाण्याच्या द्राक्षांत जिल्ह्याचे नाव केले, त्यांच्याही बागेत हीच रीत. फरक एवढा की खाण्याचा मणी टपोरा हवा. वाइनचा मणी लहान आणि जाड सालीचा हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. तांबडी वाइन म्हणजे सालीसकट आंबवलेला रस, दुसरे काही नाही.

मद्याचा प्रश्न मी टाळणार नाही. ह्याच शहरात मे १९३० मध्ये रूपाभवानीकडे शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला, ८ मे रोजी गोळीबारात शंकर शिवदारे पडले, मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघे हुतात्मे फासावर गेले. गिरणी कामगाराची मजुरी गुत्त्यावर रिकामी होत होती आणि सरकार अबकारीवर पोसत होते, हे त्या कुऱ्हाडीमागचे अर्थशास्त्र. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही नावाने आहे. त्याच राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढून वाइनला सवलती दिल्या. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांत ती विकू देण्याचे मंत्रिमंडळाने ठरवले, आणि विरोध होताच ते बाजूला पडले. ह्या ओढाताणीत शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले. छाटणीवाल्याचे कोणी घेतले नाही.

त्याचे काम मात्र कसबाचे आहे. ओलांड्यावर किती काड्या राखायच्या, काडीवर किती डोळे ठेवायचे, कोणती बगलफूट खुडायची, हे चुकले तर पुढच्या हंगामाचा रंगच उतरतो. द्राक्षाच्या मुलखात पुष्कळ ठिकाणी हे काम टोळ्या उक्ते घेतात. एकरी दर मुकादम ठरवतो, उचल आधी मिळते, आणि मोजदाद माणशी नव्हे तर टोळीवर होते. टोळीत नवराबायको दोघे असतात. दर जोडीचा असतो. जोडीतल्या बाईची मजुरी वेगळी किती, असे विचारले तर मुकादम हसतो.