उसने लाकूड, उसनी मुळे

जुन्या ‘ग्रान रेसेर्वा’ रिओहाचा प्याला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून पाहावा. कडेला जांभळा रंग उरलेला नसतो. तो विटकरी झालेला असतो. नाकाशी नेला तर आधी फळ जाणवत नाही. व्हॅनिला, सुके खोबरे, तंबाखूचे पान, जुने चामडे असे वास एकामागून एक येतात आणि सुकवलेल्या फळाची आठवण त्यांच्या मागून येते. पुष्कळ रसिक ह्यालाच स्पेनची अस्सल चव म्हणतात. ही अस्सलता आली कोठून, हे पाहावे असे आम्हांस वाटले.

उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्यात द्राक्षे रोमन काळापासून आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथली वाइन फारशी टिकत नसे. पुढचा हंगाम येण्याआधी ती संपवणे बरे. १८५०च्या सुमारास लुसिआनो दे मुर्रिएताने बोर्दोची रीत, म्हणजे ओकच्या लहान पिंपांत वाइन मुरवण्याची रीत, येथे आणली. १८५८ मध्ये एल्सिएगो गावी मार्केस दे रिस्काल ही वाइनरी उभी राहिली. १८६२ मध्ये आलावा प्रांताच्या शासनाने तर बोर्दोच्या मेदोक भागातील झां पिनो ह्या तज्ज्ञालाच स्थानिक शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी बोलावले. शेतकऱ्यांना ती विद्या पटली असेल, पण परवडली नाही. पिंपे महाग, आणि विकायचा माल वर्षानुवर्षे तळघरात अडकून पडणार! करार संपल्यावर पिनोला रिस्कालनेच आपल्याकडे ठेवून घेतले. मुरलेल्या रिओहाची चव ही अशी पहिल्यापासूनच, ज्यांना थांबणे शक्य होते त्यांची चव आहे.

तिला खरी बाजारपेठ मिळवून दिली ती शेजाऱ्यावरील संकटाने. १८६०च्या दशकात उत्तर अमेरिकेतून फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाचा, वेलीच्या मुळांवर जगणारा सूक्ष्म कीटक आला आणि बागांमागून बागा वाळल्या. बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज ओलांडून रिओहात उतरले. १८८२च्या फ्रेंच-स्पॅनिश व्यापार कराराने जकातही हलकी झाली. आरो गावच्या रेल्वेस्थानकाभोवती वाइनऱ्यांची वसाहतच उभी राहिली: १८७७ मध्ये लोपेस दे एरेदिया, १८७९ मध्ये कूने, १८९० मध्ये ला रिओहा आल्ता. ह्या पेढ्या आजही तेथेच आहेत. रीत फ्रेंच असली तरी पिंपांसाठी पुढे अमेरिकन ओक रूढ झाला. त्याच्या फळ्या करवतीने कापता येतात, म्हणून पिंप स्वस्त पडते. आणि व्हॅनिला व खोबऱ्याचा जो वास आपण स्पेनचा म्हणून हुंगतो, तो मुख्यतः ह्याच अमेरिकन लाकडाचा.

मग दिवस फिरले. फ्रान्स सावरला, १८९२ मध्ये सवलत संपली आणि १८९९ मध्ये फिलॉक्सेरा रिओहातच येऊन धडकला. उपाय एकच होता: ज्या अमेरिकेतून कीड आली, तिथल्याच सोशिक वेलींच्या मुळांवर आपल्या द्राक्षाचे कलम करायचे. नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला हे नवल वाटणार नाही. तोही आपली कलमे डॉगरिज ह्या अमेरिकी खुंटावरच बांधतो, मात्र क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. रिओहात तेम्प्रानिल्यो हे द्राक्ष वर तसेच राहिले. जमिनीखाली मात्र परमुलूख आला.

स्पॅनिश प्रतवारीवर ह्या इतिहासाची खूण स्पष्ट आहे. रिओहात लाल ‘क्रिआन्सा’ किमान दोन वर्षांनी बाजारात येते, ‘रेसेर्वा’ तीन वर्षांनी. दोहोंतही किमान एक वर्ष पिंपातले. ‘ग्रान रेसेर्वा’ला पाच वर्षे लागतात, त्यांपैकी किमान दोन पिंपात. अर्थात शिडीची पायरी ठरते ती काळावर. कोणत्या टेकडीवरचे द्राक्ष, ह्यावर नव्हे. ह्याविरुद्ध कुरबूर वाढत गेली आणि २०१७ मध्ये एकेका विशिष्ट मळ्याचे नाव लावू देणारी ‘बिन्येदो सिंगुलार’ ही श्रेणी मान्य झाली. लाकडाने मातीचा आवाज दाबला, असे नव्या उत्पादकांतील अनेकांचे म्हणणे आहे.

हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. लाकूड उसने, रीत उसनी, मुळेही उसनी, हे खरे. पण दीडशेहून अधिक वर्षे सांभाळलेले उसनेपण परके राहत नाही. त्याच वेळी, ही चव सनातन आहे असे मानून नव्या प्रयोगांना बाटगे ठरवणेही चूक. मुर्रिएता आणि रिस्काल हेही आपल्या काळचे नवे प्रयोगवालेच होते.

वाचकांनी कधी जमल्यास एकाच वाइनरीची क्रिआन्सा आणि ग्रान रेसेर्वा शेजारी-शेजारी ठेवून चाखावी. पहिलीत फळ पुढे असेल, दुसरीत काळ. दुसरी अधिक महाग आहे म्हणून अधिक चांगली समजू नये. मधल्या वर्षांत कोणाचे तरी भांडवल तळघरात पडून होते, आणि पिनोकडे शिकायला आलेल्या शेतकऱ्याला तेवढे थांबता आले नव्हते, एवढे मात्र दुसरा घोट घेताना आठवावे.