आबांची रॅले

आमच्या आबांची रॅले मुंबईहून गावी आली ती एसटीच्या टपावर बसून. गिरणीतली नोकरी सोडून येताना एका ओळखीच्या कारकुनाकडून त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. माणदेशातल्या आमच्या गावात तेव्हा सायकली बोटावर मोजण्याइतक्या. सायकलीला दरसाल कर असे. तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे. आबांनी ते सगळे बिल्ले एका डब्यात जपून ठेवले होते. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं, की तालुक्याला पोलीस अडवायचा.

ही सायकल इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. पुढं रॅलेच्या सायकली आपल्याकडं बंगालात आसनसोलला सेन-रॅले नावानं बनू लागल्या, पण आबांना विलायतीचं कौतुक. काळा कुळकुळीत रंग, त्यावर सोनेरी रेघा आणि हँडलखाली बगळ्याचं चित्र असलेला बिल्ला. मी लहानपणी त्या बगळ्यावर बोट फिरवत बसायचो. हँडलवर एक लहानसा खटका होता, गंजून एका जागी बसलेला. तो कशाचा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आबांनाही नव्हतं.

1972 च्या दुष्काळात बैल गेले, आईची पुतळ्यांची माळ गेली, आणि दिवाळीच्या आधी सायकल एका दुकानदाराकडं गहाण पडली. आबा खडी फोडायला चालत जाऊ लागले. आम्ही तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. 1974 साली दाणे घरात आल्यावर आबांनी सायकल सोडवली, तर ती ओळखू येईना. त्या माणसानं दुकानाच्या पाटीचा उरलेला तांबडा रंग तिला फासला होता. बगळा गेला, खटका गेला, पुढचा चिमटा वाकलेला. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी काळ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि रिमासकट सगळी सायकल रंगवून काढली.

पण सायकल पहिल्यासारखी चालेना. म्हसवडच्या बाजाराला जाताना माळाचा चढ लागतो. पूर्वी मला पुढच्या दांडीवर बसवून आबा तो चढून जायचे. आता अर्ध्यात उतरून ढकलायचे. "दुष्काळानं पायातलं बळ नेलं," म्हणायचे. आम्हालाही तेच खरं वाटलं. मी दहावीला होतो तेव्हा त्यांनी बाजाराची पाटी माझ्या डोक्यावर दिली. पुढं सायकल गोठ्यात आढ्याला टांगली गेली. आबांना जाऊन आता वीस वर्षं होतील.

गेल्या उन्हाळ्यात गोठा पाडायचा निघाला, म्हणून ती खाली काढली. पुतण्या म्हणाला, "काका, पावडर कोटिंग करून टाकू, नवी दिसेल." मला नवी नको होती. सातारचा एक म्हातारा मिस्त्री भेटला. त्यानं सांगितलं, पॉलिश पेपर लावू नका, कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, वरचा ऑइलपेंट थिनरनं आधी सुटतो. चिंधी भिजवून बोटाएवढी जागा पुसायची, थांबायचं, परत पुसायची. जोर केला की खालचाही रंग जातो. दोन ठिकाणी माझ्याकडून गेलाच. आधी काळा उतरला, मग तांबडा, मग पुन्हा काळा. त्या काळ्यावर सोनेरी रेघ दिसली तेव्हा मी चहा प्यायचा विसरलो. रॉकेल आता मिळत नाही, रिमांचं काम डिझेलवर भागवलं. चिमटा मिस्त्रीनं सरळ केला. चेनकव्हरच्या आतला तांबडा मात्र मी ठेवला. का ठेवला, ते पुतण्याला पटलं नाही.

मागच्या चाकाच्या हबवरचा चिकटा खरवडला तेव्हा 'स्टर्मी-आर्चर' हे नाव आणि 52 हा आकडा निघाला. ही कंपनी हबवर सालाचे आकडे ठोकायची, म्हणजे हब 1952 चा. मिस्त्री बघून म्हणाला, "मालक, हिच्या पोटात तीन गिअर आहेत. पण तारच नाही." मागच्या दातेरी चक्रीच्या एका फेऱ्याला चाक हलक्या गिअरात पाऊण फेरा फिरतं, मधल्यात एक, आणि जड गिअरात एक पूर्ण नि वर एक तृतीयांश. तार ओढलेली असली की हलका, सैल पडली की जड. आणि तार तुटली, काढून टाकली, तर हब कायमचा जडावरच राहतो.

मी पायरीवर बसून राहिलो. गंजलेला खटका मधल्या गिअरावर अडकला होता, तोवर आबा चढ चढत होते. खटका नि तार गेली, त्या दिवसापासून ते जडावर पाय मारत होते. दूध-भाजीचं ओझं घेऊन, वर्षानुवर्षं.

पुण्याच्या जुन्या बाजारात तसाच खटका मिळाला. नवी तार लावली, हबात तेल सोडलं आणि एका सकाळी माळाचा चढ धरला. पासष्टी आलेली, गुडघे कुरकुरतात. खटका ओढला, आणि न उतरता वर पोचलो.

घरी येऊन आईला सगळं समजावून सांगितलं. तिला ऐकायला कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. गिअर-बिअर तिला काही कळलं नाही. बराच वेळ ती सायकलीकडं बघत बसली.

"म्हंजी त्यांचं पाय धड हुतं की रं," म्हणाली.