शाळेत ई-स्पोर्ट्स यावा का? पालकांनी आधी एवढं समजून घ्यावं

‘सर, गेममध्येसुद्धा मेडल मिळतं, मग शाळेत का नाही?’ आठवी-नववीची मुलं आता हा प्रश्न बिनधास्त विचारतात. घरी अम्मी-अब्बूंचं उत्तर ठरलेलं असतं, ‘आधी तो मोबाईल ठेव.’ दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. म्हणून हा विषय काय आहे, कायदा काय म्हणतो आणि शाळेकडून काय मागावं, हे इथे क्रमाने पाहू.

ई-स्पोर्ट्स म्हणजे नेमकं काय?

रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन खेळणं म्हणजे ई-स्पोर्ट्स नव्हे. ठरलेले नियम, ठरलेला वेळ, संघ, पंच आणि सगळ्यांना सारखी संधी, अशी व्हिडिओ गेमची स्पर्धा म्हणजे ई-स्पोर्ट्स. जकार्ता इथल्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तो प्रात्यक्षिक म्हणून होता. त्यात ‘हार्थस्टोन’ या गेममध्ये भारताच्या तीर्थ मेहता यांना कांस्यपदक मिळालं. पुढे चीनमधल्या हांगझोऊ इथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदकं अधिकृत झाली. तिथे भारताला एकही पदक मिळालं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. म्हणजे ‘हा खेळच नाही’ असं म्हणून आता विषय संपवता येणार नाही.

कायदा कुठे रेषा ओढतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्यात तीन वेगळे कप्पे आहेत: ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे साधे गेम आणि पैसे लावून खेळायचे गेम. पहिल्या दोघांना प्रोत्साहन आहे, तिसऱ्यावर बंदी. पैशांचे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही.

मुलगा ‘मी ई-स्पोर्ट्स खेळतो’ म्हणाला, तर तो यातल्या कोणत्या कप्प्यात आहे, हे आधी पाहा. बऱ्याच घरांत इथेच गफलत होते.

दीनच्या बाजूने काय पाहायचं?

जुगाराची मनाई सूरह माइदामध्ये स्पष्ट आहे, त्यावर वाद नाही. पण एक बारीक मुद्दा आहे. कायद्याने ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धेला प्रवेश फी घ्यायला आणि बक्षीस द्यायला परवानगी आहे. मात्र सगळ्या खेळाडूंची फी गोळा करून तीच रक्कम विजेत्याला देणं, याला बहुतेक उलमा जुगारच मानतात. बक्षीस शाळेने किंवा एखाद्या प्रायोजकाने दिलं, तर बाब वेगळी होते. खरं तर मोहल्ल्यातल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंटलाही हाच सवाल लागू आहे, पण तो आपण कधी विचारत नाही. तपशिलासाठी आपल्या आलिमांना जरूर विचारावं.

गेममधली ‘लूट बॉक्स’ हीसुद्धा अशीच चीज. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. शिवाय गेममधली दृश्यं कशी आहेत, मॅचच्या नादात असर-मगरिब जाते का, हेही पालकांनीच पाहायचं.

फायदे खोटे नाहीत

मैदानावर मागे राहणारा, अबोल किंवा अपंग मुलगा इथे संघाचा भाग होऊ शकतो. मुलींनाही बरोबरीने खेळता येतं, फक्त अनोळखी माणसांचं चॅट बंद हवं, कारण तिथली भाषा फार वाईट असते. संघात बोलून निर्णय घेणं, हरल्यावर चूक शोधणं, हे मुलं शिकतात. गेमच्या मागे प्रोग्रॅमिंग, अ‍ॅनिमेशन, समालोचन अशी कामंही आहेत. पण खेळून पोट भरणारे थोडेच असतात, हे मुलांना स्वच्छ सांगायला हवं.

नॉर्वेमध्ये बर्गनजवळच्या गार्नेस इथल्या एका सरकारी शाळेने २०१६ मध्ये ई-स्पोर्ट्स हा ऐच्छिक विषय सुरू केला, पण त्यात शारीरिक व्यायामही ठेवला. अमेरिकेतल्या हायस्कूल क्रीडा संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये ई-स्पोर्ट्सला जागा दिली. उलट चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच एक तास ऑनलाइन गेमसाठी ठरवून दिला. ज्या देशात ई-स्पोर्ट्सची पदकं वाटली गेली, तोच देश मुलांना आवरतो आहे, हे लक्षात घ्या.

धोके कुठे आहेत?

पहिला शरीराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमछाक होईल अशी हालचाल करायला हवी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं लिहिलं आहे. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. पण मुलांच्या हाडांना आणि फुप्फुसांना कोर्टाचा निकाल कळत नाही. दाट वस्तीतल्या आपल्या कित्येक शाळांना आजही धड मैदान नाही. तिथे मैदानाच्या जागी चार कॉम्प्युटर ठेवून ‘खेळाची सोय झाली’ म्हणणं, हा मुलांवर अन्याय ठरेल.

दुसरा व्यसनाचा. ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याची लक्षणं तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं. हे साधारण वर्षभर चाललं तर आजार समजतात. चार दिवस जास्त खेळला म्हणून मुलाला आजारी ठरवू नका, आणि वर्ष वाया जाईपर्यंत थांबूही नका. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा त्रासासाठी खास क्लिनिक आहे.

तिसरा धोका कमी बोलला जातो. खो-खो, कबड्डी कुणा कंपनीच्या मालकीची नाही, गेम मात्र असतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. शाळेने पैसा घालून एका गेमवर संघ उभा केला आणि तो गेमच रातोरात गायब झाला, तर मुलांनी काय करायचं?

मग शाळेने काय करावं?

माझं मत असं: पी.टी.च्या तासाऐवजी ई-स्पोर्ट्स नको. शाळा सुटल्यावर, बुद्धिबळासारखा एक क्लब म्हणून चालेल, पण या अटींवर:

१. आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास, तेही शिक्षकांच्या देखरेखीत.
२. त्याच मुलाने आठवड्यात मैदानी खेळही खेळलाच पाहिजे. मैदान नसेल तर जवळच्या मैदानाची सोय आधी करावी.
३. गेमची वयोमर्यादा तपासावी. गोळीबार-खूनखराबा आणि लूट बॉक्स असलेले गेम नकोत.
४. मुलांकडून बक्षिसासाठी पैसे घेऊ नयेत.
५. नमाजच्या वेळी मॅच नको.
६. बाहेरची अ‍ॅकॅडमी आली तर फी किती, करार काय आणि मुलांची माहिती कुठे जाते, हे लेखी घ्यावं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, असं म्हटलं आहे.

शाळेकडून याबद्दलचं पत्रक आलं तर लगेच सही करू नका आणि लगेच फाडूही नका. पालक-शिक्षक सभेत हे सहा मुद्दे वाचून दाखवा. उत्तरं लेखी मिळाली तर मुलाला पाठवायला हरकत नाही. नाहीतर आधी मैदान मागा.