शुश्रूषा करणाऱ्यांनाही हवा आधार

दीर्घ आजारात रुग्णावर उपचार होतात. मात्र त्याची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाची विचारपूस क्वचितच होते. अपुरी झोप, खर्चाची विवंचना आणि 'माझेच काही चुकले' ही भावना त्यालाही आजारी पाडू शकते. मनोविकार असल्यास लोकलज्जेमुळे कुटुंब अधिकच एकाकी होते.

यावर स्वमदत गट उपयुक्त ठरतात. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियामुळे हे ओझे स्वतः वाहिले. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. तेथे रुग्णाला 'शुभार्थी', तर काळजीवाहकाला 'शुभंकर' म्हटले जाते. २००४ मधील 'देवराई' या चित्रपटातही आजारी भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण दिसते.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्यातून रुग्ण येतात आणि त्यांच्यासोबत नातेवाईकही. व्हरांड्यात डबा खाताना झालेली त्यांची ओळख अशा गटाचे बीज ठरू शकते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. ठरलेला वार, ठरलेली जागा आणि चार-पाच कुटुंबे पुरेशी असतात. तेथील बोलणे बाहेर जाऊ नये, औषधांचा निर्णय मात्र डॉक्टरांवरच सोडावा. एखाद्याने दोन तास रुग्णाजवळ बसून शुभंकराला विसावा दिला, तरी तो मोठाच आधार होय.