आठ अक्षरांचा टाका

गेले काही दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय. काही गोष्टी वर्षानुवर्षं का टिकतात? स्वेटरची 'दोन सुलट, दोन उलट' वीणच घ्या. फॅशनी आल्या नि गेल्या, पण बाहीच्या टोकाला आणि खालच्या काठाला ही वीण आजही दिसते. शिकायला सोपी, चुकली तर लगेच कळते आणि कुठल्याही लोकरीत चालते!

या प्रश्नासाठी आमच्या खानदेशातच एक मस्त उदाहरण आहे. बहिणाबाई चौधरी.

जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी सुचायची आणि तिथेच म्हटली जायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने त्यातली काही कागदावर उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. १९६१ मध्ये त्यातली काही गाणी 'मानिनी' सिनेमात आली, वसंत पवारांच्या संगीतात. मग शाळेची पुस्तकं. २०१८ मध्ये तर जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव दिलं गेलं.

आता 'का?' एक कारण सरळ बांधणीतलं आहे. त्यांची गाजलेली गाणी घ्या आणि अक्षरं मोजा. (इंजिनियरला दुसरं काय सुचणार!) बहुतेक ठिकाणी एका चरणात आठ अक्षरं भरतात. हीच ती 'दोन सुलट, दोन उलट'. ठेका एकदा बसला की पुढची ओळ आपोआप आठवते, कागद लागत नाही. दुसरं म्हणजे सामान. संसार, मन, जन्म-मरण असे मोठे विषय, पण समजवायला तवा, ढोर, सुगरणीचा खोपा. भाषा लेवा गणबोली, म्हणजे धुळ्याकडच्या अहिराणीपेक्षा वेगळी, पण कोल्हापूरच्या माणसालाही अर्थ लागतो.

इथवर सगळं छान. पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही.

कारण जात्यावर गाणाऱ्या बहिणाबाई काही एकट्या नव्हत्या. हेमा राईरकर, गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! बांधणी पक्की, सामान तेच, घरातलं आणि शेतातलं. त्यातल्या किती आपल्याला तोंडपाठ आहेत? त्या बायकांच्या घरात कवी मुलगा नव्हता, आणि असता तरी त्याची अत्र्यांशी ओळख असतीच असं नाही. विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायचं निमित्तच संपलं.

निमित्त हा शब्द महत्त्वाचा आहे. धुळ्या-जळगावकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोट होतात, रात्र जागवली जाते, सोमवारी विसर्जन. त्या रात्री कानबाईची गाणी म्हणावीच लागतात. ती कुणी रचली हे विचारायची गरज कुणालाच पडत नाही. कामाला गेलेली पोरं पुण्या-सुरतेहून गावी येतात, आणि गाणी पुन्हा एक वर्ष पुढे सरकतात. इथे वही नाही, सिनेमा नाही. दरवर्षी येणारा एक रविवार आहे, बस्स.

तर माझा हिशोब असा. बांधणी चांगली असेल तर गाणं टिकू *शकतं*. ते खरंच टिकायला दोनपैकी एक लागतं: वेळेवर लिहून घेणारा माणूस, किंवा ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावणारं निमित्त. म्हणून 'टिकलं ते चांगलं' हे बऱ्याच अंशी खरं असेल, पण 'गेलं ते टाकाऊ' हे साफ खोटं.

असो. जात्याचं निमित्त तर गेलं, ते काही परत येणार नाही. पण जात्यावर बसलेल्या आज्या अजून काही घरांत आहेत, आणि लिहिता-वाचता येणारी नातवंडं तर घरोघरी आहेत. सोपानदेवांकडे फक्त कागद-पेन्सिल होती, आपल्या खिशात रेकॉर्डर आहे. पुढच्या खेपेला गावी गेलात की आजीला एवढंच विचारा, "दळताना काय म्हणायचीस गं?"