डबा जुना, कारभारी नवा

कचेरीच्या किंवा दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला राउटर आपण पाहिला असेल. चालतो, पण कंपनीनं पाठ फिरवलेली. दुरुस्त्या येणं बंद. म्हणजे कुलूप जुनं आणि किल्लीची नक्कल चोरांच्या खिशात! असा डबा भंगारात द्यावा, की त्यात नवा कारभारी बसवावा?

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीनं ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ हा निळा-काळा राउटर काढला. २००३ साली सिस्कोनं लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच वर्षी जाणत्यांच्या ध्यानात आलं की, डब्याच्या पोटात लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली ही खुली प्रणाली. तिचा जीपीएल परवाना मूळचा रिचर्ड स्टॉलमन यांचा, १९८९ सालचा. घ्या, वापरा, बदला; पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर मूळ संहिताही द्या, ही त्याची अट.

धुळ्याकडच्या पांझरेच्या फडांवर वाढलेल्या माणसाला या अटीचं नवल वाटू नये. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा. पाणी पाटकरी फिरवील, पण ते ज्याला हवं त्यानं पाटाचा गाळ काढायला आलंच पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ही रीत चालली.

कंपनीला संहिता खुली करावी लागली. तिच्या आधारानं २००४ च्या जानेवारीत ‘ओपनडब्ल्यूआरटी’चं काम सुरू झालं. पुढं गंमत पाहा: २००५ साली कंपनीनं पाचव्या आवृत्तीतून लिनक्स काढलं आणि साठवण ४ मेगाबाइटवरून २ वर आणली, पण हौशी मंडळींसाठी ‘जीएल’ नावानं लिनक्सवाला डबा पुन्हा विकायला ठेवला!

आता बसवण्याविषयी. आधी डबा उलटा करून नमुना आणि आवृत्ती नीट वाचावी. इथं एक आकडा चुकला की सगळंच फसतं. उतरवून घेतलेली फाइल पडताळावी, डबा तारेनंच संगणकाला जोडावा आणि मग ती चढवावी. त्या दोन-चार मिनिटांत वीज गेली, तर डब्याची वीट झालीच म्हणून समजा. आपल्याकडं विजेचा नेम नाही, तेव्हा बॅटरीची सोय आधी करावी, बरं का!

मात्र २००२ च्या त्या डब्यात अवघी १६ मेगाबाइट स्मृती होती. ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्तीला निदान ८ मेगाबाइट साठवण आणि ६४ मेगाबाइट स्मृती लागते. आपल्या डब्यात तेवढी नसेल, तर तो खुशाल भंगारवाल्याला द्यावा.