एक्स्टर्नल

परवा आर्णीहून भाचीचा फोन आला. बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे तिचं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "मामा, एम.ए. घरूनच केलं तर नाही चालत का? मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरते. अमरावतीले जायचं म्हणजे रूम, मेस, किती खर्च लागते. अन् आबाजींनी नाही का केलं एक्स्टर्नल?"

"विचार करून सांगतो" म्हणून मी फोन ठेवला. एरवी सल्ला द्यायला मला कधी वेळ लागत नाही, पण तिच्या शेवटच्या वाक्यापाशी अडकलो. तिचे आबाजी म्हणजे माझे बाबा. त्यांच्या एक्स्टर्नल एम.ए.वरून वीसेक वर्षांपूर्वी मी घरात काय बोललो होतो ते तिला माहीत नाही. बाकीच्यांना आहे. त्यातले बरेचजण इथं वाचायला येतात, तेव्हा एकदा लिहूनच टाकतो.

बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर. आर्णीच्या आसपासच्या खेड्यांत त्यांची नोकरी झाली. नोकरी करता करता त्यांनी इतिहासात एम.ए. केलं, १९७९ आणि १९८० साली, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून. आपल्याकडे त्याला सगळे एक्स्टर्नलच म्हणतात. पदवी नागपूर विद्यापीठाची, परीक्षेचं केंद्र यवतमाळ. म्हणजे फॉर्म भरायचा, पुस्तकं मिळतील तिथून मिळवायची, शाळा सुटल्यावर कंदिलात वाचायची आणि उन्हाळ्यात यवतमाळला नातेवाइकाकडे मुक्काम करून पेपर द्यायचे. नागपूर विद्यापीठाची इमारत बाबांनी कधी पाहिली नाही. ग्रंथालय नाही, प्राध्यापक नाही, वर्गात शेजारी बसणारा मित्रही नाही.

मी बी.ए. यवतमाळहून केलं, रोज एसटीनं अप-डाऊन. २००४ ला अमरावती विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात एम.ए.ला गेलो, रेग्युलर. त्या दिवाळीत घरी आलो तेव्हा डोक्यात हवा भरलेली होती. चार महिन्यांत चार मोठ्या विचारवंतांची नावं पाठ झाली होती. कशावरून तरी विषय निघाला आणि मी बाबांना म्हणालो, "तुमचं एम.ए. म्हणजे काय, गाइड वाचून दिलेली परीक्षा. त्याला पोस्ट-ग्रॅज्युएशन म्हणत नाहीत."

बाबा काही बोलले नाहीत. चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई माझ्याकडे बघत राहिली. एवढंच झालं. पण तो कप घेऊन जाणारी त्यांची पाठ मला अजून दिसते.

पुढे विद्यापीठांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की मी नुसता उद्धट नव्हतो, अडाणीसुद्धा होतो.

बघा ना, १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. या तिघांपैकी एकही विद्यापीठ सुरुवातीला स्वतः शिकवत नव्हतं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाचं काम कॉलेजं जोडून घेणं, परीक्षा घेणं आणि पदवी देणं. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं याची तरतूद १९०४ च्या कायद्यात आली, आणि कलकत्त्याला पदव्युत्तर शिक्षणाची नीट व्यवस्था आशुतोष मुखर्जींच्या काळात, १९१७ च्या सुमारास बसली. म्हणजे पहिली पन्नासेक वर्षं आपल्याकडची विद्यापीठं ही एका अर्थी परीक्षेची कचेरीच होती!

आता हे आपल्या भागाला लावून पाहू. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ ला निघालं, मॉरिस कॉलेज १८८५ ला. दोन्ही कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली. आपल्या जिल्ह्यातले वणीचे लोकनायक बापूजी अणे मॉरिस कॉलेजात शिकले, तेव्हा त्यांचं विद्यापीठ हजारभर किलोमीटरवर हुगळीच्या काठी होतं. पुढे ही कॉलेजं अलाहाबाद विद्यापीठाकडे गेली. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा कुठं विद्यापीठ विदर्भात आलं. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातले वसंतराव नाईक मॉरिस कॉलेजात शिकले आणि वकिलीची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठाचीच घेतली. मग १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं आणि आर्णीचं विद्यापीठ नागपूरऐवजी अमरावती झालं.

कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, अमरावती. शंभर वर्षांत विद्यापीठ असं एकेक टप्पा करत आपल्या दिशेनं सरकत आलं. तरी अरुणावतीच्या काठच्या पोराला ते अमुक किलोमीटरवर आहे याला फारसा अर्थ नव्हता. दोन वर्षं घर सोडून, कमाई न करता तिथं राहता येतं का, हा प्रश्न होता. बाबांना ते जमण्यासारखं नव्हतं. पगारावर लहान भावंडं शिकत होती. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे १८५७ सालचंच राहिलं, पोस्टानं हॉल तिकीट पाठवणारं. त्या विद्यापीठाला जेवढं देता येत होतं तेवढं सगळं बाबांनी त्याच्याकडून घेतलं. कमी पडलं असेल तर ते त्यांच्यात नव्हे. हे मला तेव्हा दिसलं नाही.

मग रेग्युलर एम.ए.त असं वेगळं काय होतं?

अमरावती विद्यापीठ गावाबाहेर आहे, तपोवनच्या पुढे, मार्डी रोडला. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेलं हेच ते तपोवन. पुढे झाडी आणि टेकड्या. पहिल्या दिवशी बॅग घेऊन उतरलो तेव्हा वाटलं, एवढी जागा फक्त शिकण्यासाठी? होस्टेलवर बुलढाण्याचा, वाशिमचा, अकोल्याचा, धारणीकडचा अशी पोरं. सगळ्यांचे बाप शेतकरी नाहीतर मास्तर. रात्री मेसमधून आल्यावर जे वाद चालायचे, तेवढं मी कुठल्याच पुस्तकातून शिकलो नाही.

वर्गात एकदा सरांनी बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातल्या जातींवरचा निबंध वाचायला दिला. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी तो वाचला होता. वय पंचवीस. तिथवर ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर गेले होते. सर म्हणाले, "निबंध पुन्हा वाचा, पण या वेळी एक लक्षात ठेवा. हा एका विद्यार्थ्यानं वर्गात वाचलेला पेपर आहे." आम्ही गप्प झालो. सेमिनार म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आपलं म्हणणं मांडायचं, समोरच्यांनी ते खोडायचं आणि आपण ते सोसायचं. हे कंदिलाच्या उजेडात एकट्याला करता येत नाही, माणूस कितीही हुशार असला तरी.

२००५ ला विद्यापीठाचं नाव बदललं. माझं ओळखपत्र अमरावती विद्यापीठाचं आणि पदवी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. गाडगेबाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तुकडोजी महाराजांचं शालेय शिक्षण अर्धवट सुटलेलं. विदर्भातली दोन मोठी विद्यापीठं अशी कॉलेजची पायरी न चढलेल्या दोन माणसांच्या नावानं आहेत. होस्टेलवर आम्ही यावर विनोद करायचो. पण गाडगेबाबा आयुष्यभर लोकांना सांगत फिरले की पोटाला चिमटा घ्या, पण पोरांना शिकवा. आमच्या घरी तो चिमटा कोण घेत होतं, याचा विचार मात्र माझ्या मनात उशिरा आला.

तो दादा घेत होता. दादानं बारावीनंतर शिक्षण सोडून कोरडवाहू शेती धरली. माझ्या मेसचे पैसे दर महिन्याला तो पाठवायचा, कधी उशीर झाला तर फोनवर म्हणायचा, "जरा कापूस जाऊ दे." त्या काळात कापसाचं काय झालं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. रोज पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्या. मी एम.ए. होऊन बाहेर पडलो त्याच उन्हाळ्यानंतर, जुलै २००६ च्या सुरुवातीला, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात आमच्या विद्यापीठाचे पाचही जिल्हे होते, आणि सहावा वर्धा. होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून जी पोरं होती त्यांचीच ही गावं. आम्ही ग्रंथालयात भारतीय शेतीच्या समाजशास्त्रावर टिपणं काढत होतो आणि आमची फी त्याच शेतीतून येत होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. नुसत्या एम.ए.वर कॉलेजात कायमची नोकरी मिळत नव्हती. नेट किंवा सेट लागायची. सेट तिसऱ्या खेपेला निघाली. त्यानंतरही बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढली. जेवढे तास तेवढे पैसे, तेही वर्षाच्या शेवटी. तेव्हा आपण रेग्युलर केलं म्हणून कुणी दारात उभं राहून वाट पाहत नाही, हे भाचीनं आधीच समजून घ्यावं.

आता बाबांचं. निकाल लागल्यावर कागदपत्रांसाठी अमरावतीला जायचं होतं. बाबा म्हणाले, मीही येतो. आर्णी ते यवतमाळ, यवतमाळ ते अमरावती, मग तपोवनकडे ऑटो. ऑफिसचं काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "लायब्ररी कुठं आहे तुमची?" मी घेऊन गेलो. इतिहासाच्या कपाटांपाशी ते बराच वेळ उभे होते. एक पुस्तक काढलं, चाळलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "हे पुस्तक मले पाहिजे होतं तेव्हा. यवतमाळले नव्हतं."

त्या दिवाळीबद्दल माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल, चारची गाडी सापडली पाहिजे." मी अजून माफी मागितलेली नाही. हे लिहिलेलं ताई त्यांना वाचून दाखवेल, म्हणजे झालं.

तर भाचीबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घरून केलं तर चालतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे, आणि ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. त्या पदवीला कुणी हलकं म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव. पण आबाजींनी घरून केलं म्हणून तूही करावं, हे कारण होऊ शकत नाही. त्यांना दुसरा रस्ता नव्हता. तुला आहे का, ते आधी पाहू. शिष्यवृत्तीचा फॉर्म आपण मिळून भरू, आणि मेसचे पैसे दर महिन्याला माझ्याकडून येतील. दादाला मी पैसे परत देऊ लागलो तर तो घेत नाही, तेव्हा ते असेच पुढं सरकवावे लागतील.

प्रवेशाच्या आधी एकदा नुसतं पाहायला तरी जाऊन ये. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, खर्चाचं निमित्त चालणार नाही. आणि जाताना आबाजींना सोबत घेऊन जा. लायब्ररी कुठं आहे ते त्यांना माहीत आहे.